मांजर घराचं असतं ना, मग घरच बरोबर न्यायचं

पत्र:
काकू, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. नवऱ्याची बंगळुरूला बदली झाली आहे, तो पुढच्या आठवड्यात जाऊन रुजू होईल आणि मी दिवाळीनंतर सामान आवरून निघेन. घरात दोन मांजरं आहेत. लाडू चार वर्षांचा पर्शियन बोका, आणि मनी अकरा वर्षांची देशी, लग्नाआधीपासून माझ्याजवळ असलेली. सासूबाई म्हणतात, कुत्रं माणसाचं असतं आणि मांजर घराचं, नव्या जागी ती टिकणार नाहीत. इथेच कुणाला तरी द्या, नाहीतर भाजीबाजारात सोडा, तिथे कुणी उपाशी मरत नाही. नवरा म्हणतो, झोपेची गोळी देऊन विमानाने आण, ओझरहून थेट विमान आहे. मी एकटीच दोघांना नेणार आहे. फक्त गोळी कोणती द्यायची तेवढं सांगा. आणि मला अहो-जाहो करू नका.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर:
अगं, गोळीचंच विचारलंस, तर तिथूनच सुरू करते. झोपेची कोणतीही गोळी नाही.

का नाही, ते ऐक. गुंगीच्या औषधाने मांजराचा रक्तदाब उतरतो आणि अंगाची ऊब-गारवा सांभाळायची शक्ती कमी होते. विमान उडाल्यावर केबिनमधली हवा विरळ होते, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते साधारण तशी. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जेमतेम पाच हजार चारशे फूट. तिच्याही वर नेऊन बसवलेल्या मांजराला धड तोल सावरता येत नाही, उलटी झाली तर मान वळवता येत नाही, अशी अवस्था आपणच कशाला करायची? त्यात लाडू पर्शियन. चपट्या नाकाची मांजरं एरवीसुद्धा जरा कष्टानेच श्वास घेतात.

आणि हात जोडून सांगते, घरातल्या डब्यातली माणसांची गोळी ‘अर्धीच देते’ म्हणून देऊ नकोस. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजर फारच भेदरट असेल तर डॉक्टर कधी कधी गॅबापेंटिन देतात. ती झोपवण्यासाठी नसते, भीतीची धार कमी करण्यासाठी असते. पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, आणि आधी एखाद्या रविवारी घरी देऊन बघायची. मनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि अकराव्या वर्षी मांजराच्या किडनीचा भरवसा नसतो. तिची रक्ततपासणी याच महिन्यात करून घे. हृदयही तपासायला सांग. मांजराचं हृदय आतून जाड होत गेलं तरी वरून काही दिसत नाही. ती खाते, खेळते, आणि प्रवासात एकदम दम लागतो.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्याचे दोन भाग करू. भाजीबाजारात सोडण्याचा भाग सरळ विसरून जा. खायला-प्यायला मिळणार नाही अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा राहू दे बाजूला, गादीवर वाढलेल्या पर्शियन बोक्याचं बाजारातल्या बोक्यांपुढे काय होईल, ते त्यांनाही ठाऊक आहे. पण ‘मांजर घराचं’ हे जे त्या म्हणाल्या ना, ते शंभर टक्के खरं धरून चाल. मांजराला जागा लागते. स्वतःच्या वासाची, कोपरे ठाऊक असलेली, जिथून कुणी हुसकावत नाही अशी. इंदिरानगरचा फ्लॅट तुला नेता येणार नाही. मग दीड फुटाचं एक घर इथेच तयार करायचं आणि ते खांद्याला अडकवून न्यायचं. हे जमलं की विमान ही फार किरकोळ गोष्ट आहे.

आधी विमानाचं उरकते. ओझर घराजवळ आहे हे खरं, पण तिथून उडणारी बहुतेक विमानं इंडिगोची, आणि इंडिगो मदतनीस कुत्र्यांखेरीज पाळीव प्राणी नेत नाही. म्हणजे तुला मुंबई गाठायची आहे. तिथून एअर इंडिया मांजर केबिनमध्ये नेऊ देते, आणि नोव्हेंबर २०२२ पासून आकासाही. आकासाने सुरुवात केली तेव्हा मांजर आणि बॅग मिळून ७ किलोची मर्यादा होती. हे आकडे, बॅगेची मापं, भाडं, सगळं अधूनमधून बदलतं. त्यामुळे मैत्रिणीने मागच्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नकोस. तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन लाव आणि उत्तर ईमेलवर लेखी माग. एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. आधी तिकीट आणि मग मांजराचं बघू, असं केलंस तर तिकीट हातात आणि मांजर घरात. फोनवर ‘चपट्या नाकाचा पर्शियन आहे’ हेही स्पष्ट सांग, काही कंपन्यांचे अशा जातींसाठी वेगळे नियम असतात. आणि शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो.

दोघांना एकटी नेणार म्हणालीस, ते मात्र विसर. एका प्रवाशामागे एकच प्राणी असं धरून चाल. नियमाचं सोड, तुला हात दोनच आहेत. नवऱ्याला एका शनिवार-रविवारी परत बोलव. बदली त्याची झाली आहे, मांजरांची नाही.

रेल्वेचं विचारशील, म्हणून सांगते. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तर मांजर बरोबर नेता येतं. पण बंगळुरूसाठी कर्नाटक एक्सप्रेस मनमाडहून धरायची, कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आणि पुढे जवळजवळ एक दिवस गाडीत. मनीला विमानाचे पावणेदोन तास बरे.

आता बॅग. इथे मात्र मी रेंगाळणार आहे.

आपल्याकडे मांजराची बॅग वर्षातून दोनदा माळ्यावरून खाली येते, आणि दोन्ही वेळा सुई टोचायला न्यायची असते. म्हणून बॅग माळ्यावरून उतरली की मांजर माळ्यावर चढतं. यात मांजराची काय चूक? तेव्हा आजच दोन मऊ बॅगा आण. सीटखाली दबून बसतील अशा, वरून आणि पुढून दोन्हीकडून उघडणाऱ्या, तीन बाजूंना जाळी, तळ न गळणारा. चेन दुकानातच नीट तपासून घे. बोके नाकाने चेन सरकवतात, माझ्याकडच्याने तर रिक्षात सरकवली होती. चेनच्या दोन टोकांना मोठी सेफ्टी पिन घातली की प्रश्न मिटला.

बॅगा हॉलमध्ये ठेव. तोंड उघडं, आणि आत मनीची रोजची गोधडी. धुवायची नाही! सासूबाई कितीही म्हणाल्या तरी निघेपर्यंत धुवायची नाही. लाडूला गोधडी नसेल तर तुझी जुनी ओढणी घाल. आधी ती त्याच्या गालांवरून फिरव. मांजर जिथे गाल घासतं तिथे ‘हे माझं’ अशी खूण वासाने उमटवतं, तीच खूण आपण फडक्यावर घ्यायची. मग पहिले आठ-दहा दिवस काहीही करायचं नाही. कौतुक नाही, ढकलणं नाही. मांजर बॅगेवर बसेल, बॅगेच्या मागे बसेल, बंध चावेल, आणि तू बघत नसशील तेव्हा आत जाईल. माझ्या बोक्याने, बंड्याने, मला अकरा दिवस लटकवलं होतं. बाराव्या दिवशी पहाटे दूध घ्यायला उठले तर हे महाराज आत, आणि शेपूट तेवढं बाहेर.

त्यानंतर जेवण आत. आधी वाटी दाराशी, मग मध्ये, मग पार शेवटी. आत बसून निवांत हात-पाय चाटायला लागला की चेन लाव, मिनिटभर. उघड. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. मग उचलून घरातल्या घरात फिरव, मिक्सर सुरू असताना स्वयंपाकघरातून ने. मग लिफ्ट. मग रिक्षाने राणेनगरपर्यंत आणि परत. मग गाडीने घोटीपर्यंत. प्रत्येक वेळी घरी आल्यावर चेन उघडायची आणि दूर जाऊन बसायचं. मांजर कधी बाहेर येतं ते बघ. आल्या आल्या बाणासारखं सुटलं तर मागच्या पायरीवर परत जा. आणि बॅगेतच पसरून राहिलं तर समज, घर झालं.

सहा-सात आठवडे आहेत तुझ्याकडे. पुरतात. मधे दिवाळी आहे एवढंच बघ. फटाक्यांच्या चार-पाच दिवसांत शिकवणी बंद, पण बॅगा उघड्याच ठेव. दोघांपैकी एक जरी आवाजाला घाबरून बॅगेत जाऊन लपलं तर माझ्यातर्फे स्वतःला एक शंकरपाळी घे.

एवढा खटाटोप ज्या पाच मिनिटांसाठी, ती सांगते. विमान उडतं तेव्हा नाही, उतरतं तेव्हा नाही. विमानतळावर सुरक्षा तपासणीत बॅग एक्स-रे यंत्रातून जाते आणि मांजर जात नाही. म्हणजे इतका वेळ बंद असलेली चेन नेमकी सगळ्यात गोंगाटाच्या जागी उघडायची, मांजर हातात घ्यायचं आणि धातुशोधक चौकटीतून चालत जायचं.

माझं काय झालं ते सांगते. बंड्याला घेऊन मी मुलीकडे निघाले होते. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घातलेला होता, पण घरी निघताना ‘आवळलं जाईल बिचाऱ्याला’ म्हणून मी एक घर सैल केलं होतं. चौकटीच्या अलीकडे मागच्या कुणाचा तरी ट्रे धाडकन आपटला. मांजर हार्नेसमधून पुढे नाही निघत, मागे निघतं. पोरं घट्ट बनियन काढतात तसं. क्षणभर काही कळलंच नाही. माझ्या हातात रिकामा हार्नेस, आणि बंड्या रिकामे ट्रे परत येतात त्या रुळांच्या खाली, पार भिंतीशी. रांग थांबली. सुरक्षा दलाची एक मुलगी गणवेशासकट फरशीवर आडवी झाली आणि टॉर्च मारून म्हणाली, ‘आंटी, डोळे दिसतायत.’ मी नावाने हाका मारल्या, खाऊचं पाकीट वाजवलं. ढिम्म. वीस मिनिटं गेली, आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. मग त्या मुलीनेच विचारलं, ‘ह्याची बॅग कुठाय?’ बॅग यंत्रातून पलीकडे येऊन पडलेली. ती आणली, तोंड उघडून रुळांखाली सरकवली आणि आम्ही दोघी चार पावलं मागे झालो. मिनिटभरात बंड्या पोट फरशीला घासत आला आणि थेट आत. स्वतःच्या पायाने. मी चेन लावली आणि तिथेच फरशीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

तर, हार्नेस. दोन बोटं जेमतेम जातील इतकाच घट्ट, याहून सैल नाही. आजपासून रोज दहा मिनिटं घालायचा. पहिल्या दिवशी दोघंही अर्धांगवायू झाल्यासारखी आडवी पडतील, ते नाटक आहे, चार दिवसांत संपतं. गळ्यातली घंटा घरीच काढून ठेव. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा जुना प्रश्न, पण चौकटीत ती सोडायची कोणी हा त्याहून वाईट. तपासणीच्या रांगेत उभी राहिलीस की सगळ्यात आधी सांग, ‘बॅगेत मांजर आहे, बायकांच्या पडद्याआड काढू का?’ बहुतेक वेळा ऐकतात. पर्स, मोबाइल, जॅकेट सगळं आधी जाऊ दे, मांजराची बॅग शेवटी. टॉवेलमध्ये गुंडाळूनच बाहेर काढ, छातीशी धर, दोरी मनगटाला दोन वेढे. आणि तुझी तपासणी होईपर्यंत नवरा पलीकडे जाऊन उघडी बॅग धरून उभा. एका वेळी एकच मांजर बाहेर. हे सगळं एकदा घरी करून बघा, स्टुलावर ट्रे आपटून. सासूबाईंना सुरक्षा अधिकारी करा, त्यांनाही मजा येईल.

निघायच्या दिवशी पोटभर जेवण पाच-सहा तास आधीच उरकायचं, नंतर पाण्याचे दोन-चार घोट चालतील. बॅगेच्या तळाशी लघवी शोषणारं पॅड, ते नसेल तर बाळाचं डायपर उलगडून, आणि आणखी दोन हाताशी. मुंबईपर्यंत चार तास धर. जुन्या रस्त्याने गेलीस तर कसारा घाटातल्या वळणांवर हमखास ओकतील. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला, तिथून जा. घाटाऐवजी बोगदा लागतो आणि गाडी फारशी डुलत नाही. टॅक्सी ठरवताना मांजरांचं आधी सांग. एका ड्रायव्हरने मला ‘मांजर आडवं गेलं तर थांबतो आम्ही’ असं ऐकवलं होतं. त्याला म्हटलं, हे आडवं जात नाही, मागे बसतं.

वेब चेक-इनच्या भरवशावर राहू नकोस. प्राणी असला की काउंटरवर जावंच लागतं. तिथे वजन होतं, पैसे भरायचे असतात, हमीपत्रावर सही असते. डॉक्टरांचा प्रवासयोग्यतेचा दाखला निघण्याच्या अगदी आधीच्या दिवसांतला लागतो. किती दिवसांचा चालतो ते त्या ईमेलमध्येच विचार. रेबीजची लस मात्र आत्ता. मनी घराबाहेर जात नाही म्हणून तिची राहिली असेल, बहुतेक घरांत राहते. पहिल्यांदाच देणार असशील तर प्रवासाआधी निदान महिना जायला हवा.

विमानात काही करायचं नसतं. बॅग पुढच्या सीटखाली, जाळी तुझ्याकडे. शेजारचा कितीही गोड असला तरी चेन उघडायची नाही. लाडू तोंड उघडून धापा टाकायला लागला तर कर्मचाऱ्यांना सांग आणि हवेचा झोत बॅगेकडे वळवून घे. नुसता ओरडत असेल तर ओरडू दे. बोट जाळीला लावून ठेव, पुरे.

बंगळुरूला पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस एकच खोली. उघडी बॅग, गोधडी, पाणी आणि लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा वाळूचा डबा. त्यात इथल्या घरची वापरलेली मूठभर वाळू डब्यात भरून ने आणि मिसळ. किळस वाटेल, पण त्यांना पत्ता त्यावरूनच कळतो. सामानवाले येणार असतील तेव्हा त्या खोलीला कुलूप. बाल्कनीला जाळी सामानाच्या आधी. आणि लाडूवर विशेष लक्ष: ताणाने बोक्यांची लघवी अडते. दिवसभर लिटर कोरडं राहिलं, किंवा तो वारंवार बसून काहीच होत नसेल, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणत रात्र काढू नकोस, त्याच तासाला डॉक्टर. जेवणाचं एक दिवस चालतं, दोन दिवस नाही. अंगाने भरलेल्या मांजराने खाणं सोडलं की लिव्हरवर जातं.

गेल्या महिन्यात जर्मनीला निघालेल्या एका वाचकाचंही पत्र होतं, त्यांना इथेच दोन ओळींत सांगते: युरोपचं गणित वेगळं. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि त्या रक्ताच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. तिकीट त्यानंतरचं काढा.

आणि तू, एक काम आजच कर. लाडूला उचलून वजनकाट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा, वजाबाकी कर, आणि रिकाम्या बॅगेचं वजन त्यात मिळव. पर्शियनच्या केसांमुळे अंदाज नेहमी चुकतो, कधी इकडे कधी तिकडे. आकडा कळव. कोणत्या कंपनीला फोन लावायचा ते त्यावरून ठरवू.